मेथी माना टाकते तेव्हा

"दादा, तुमच्या मोबाईलमधी ह्या फुटपाथचं वेगळं आन् त्या फुटपाथचं वेगळं दाखवतं का?"

मी सुटे पैसे शोधत होतो. एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेअकरा झाले असतील. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो होतो, "मावशी, आज अडतीस दाखवतंय." त्यावर हा प्रश्न. मावशी आमच्या रस्त्यावर पालेभाजी घेऊन बसतात त्याला बरीच वर्षं झाली. जागा तीच आहे, पण वर पसरलेला रेन ट्री मागच्या दिवाळीनंतर रस्तारुंदीत गेला. समोरच्या फुटपाथवरची झाडं वाचली, मात्र तिथल्या जागा ठरलेल्या; तिथे जाऊन बसायचं म्हणजे भांडण. "झाड होतं तवर मेथी दोनपर्यंत ताठ राहायची," त्या सांगत होत्या, "आता बाराला माना टाकती. समोरच्या बाईची बघा." मी बघितलं. मार्केट यार्डातून, बहुधा एकाच टेम्पोतून आलेली मेथी. समोरच्या जुड्या उभ्या होत्या आणि इथे गोणपाट पुन्हा पुन्हा ओलं करून, पाण्याचे हबके मारूनही पानं कडेनं वळायला लागली होती. एकदा मेथीनं मान टाकली की भाव निम्मा, आणि दोननंतर तर कुणी विचारतही नाही. "दोन्हीकडे एकच दाखवतं," मी म्हणालो. "मग काय उपयोग त्याचा," असं म्हणून त्यांनी कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

त्या विसरल्या असतील. मला काही ते सुटेना.

मोबाईलमधला आकडा बहुतेक वेळा आपल्या गल्लीत कुणी मोजलेलाच नसतो. कुठल्यातरी संगणकानं शहराचे चौकोन पाडून आजूबाजूच्या केंद्रांवरून आणि उपग्रहांवरून काढलेला तो अंदाज असतो, आणि आपला रस्ता त्या चौकोनात कुठेतरी हरवलेला असतो. पेपरात छापून येतं ते 'पुण्याचं तापमान' तरी खऱ्या थर्मामीटरचं असतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या कचेरीजवळचा चौक अजून शिमला ऑफिस. आता रिक्षावाल्याला सांगताना त्यातला शिमला कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि मे महिन्यात तर तो विनोदच वाटतो. वेधशाळेतला थर्मामीटर पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. पेटीला चारी बाजूंनी दुहेरी झडपा, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन शिरत नाही. खाली गवत, भोवती मोकळी जागा, उंची माणसाच्या छातीएवढी. दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकात ही पेटी तयार केली, आणि जगभर थोड्याफार फरकानं तीच चालते. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला माणूस जाऊन वाचतो. शाळेच्या सहलीत मी एकदा ती उघडलेली पाहिली होती. आत काचेच्या चार नळ्या, दोन उभ्या आणि दोन आडव्या, आणि जुन्या लाकडाचा वास. इतक्या छोट्या पेटीसाठी एवढं मोठं आवार कशाला, असं तेव्हा वाटलं होतं.

मी मूळचा अकोल्याचा. पुण्यात येऊन निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं तरी अडतीस अंशांना 'उकाडा' म्हणायला जीभ रेटत नाही. पुणेकर एप्रिलमध्ये हवालदिल होतात तेव्हा आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना आतून थोडी मजाच वाटते. पंचेचाळीस बघितलेल्या माणसाचा तो फुकाचा मोठेपणा असतो. पण आमच्याकडे त्या पंचेचाळिसाला तोंड द्यायची सगळी तयारी असायची, हेही तितकंच खरं. खिडकीला वाळ्याचे पडदे, कुलरमधल्या ओल्या भुशाचा वास, दुपारी बाराला बंद होणारं दार, कैरीचं पन्हं, संध्याकाळी गच्चीवर बादल्याच्या बादल्या ओतल्यावर उठणारी वाफ. घरात थर्मामीटर फक्त तापाचा. आम्हाला खेळायला कधी सोडायचं हे आजी अंगणातल्या कडुनिंबाच्या सावलीवरून ठरवायची. सावली रांजणाला टेकली की दार उघडायचं, त्याआधी कितीही रडा. रांजण कुणी पुढेमागे सरकवला तर आजीला लगेच कळायचं. तो सरकवायचे प्रयत्न अर्थातच झाले.

पुतणी इंजिनिअरिंगला आहे. तिला मेथीची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "काका, मोजू या की. फार खर्च नाही." आम्ही तपकीर गल्लीत गेलो. पासोड्या विठोबाच्या मागच्या त्या गल्लीत एरवीसुद्धा जीव गुदमरतो. उन्हाळ्यात दुकानांतल्या सोल्डरिंगचा धूर, रस्त्यावरचे हॉर्न आणि प्रत्येक दुकानात तीन-तीन पंख्यांची घरघर. दुकानदारानं पोलादी टोपी घातलेला, काळ्या वायरीचा सेन्सर पुढे टाकला. डीएस१८बी२०. या धंद्यात पोरंसोरंसुद्धा हे नाव पावकीच्या पाढ्यासारखं म्हणतात. किंमत शे-सव्वाशे. अचूकता अर्ध्या अंशाची, कागदावर तरी. "ओरिजिनल आहे ना?" पुतणीनं विचारलं. "ओरिजिनल पण मिळतं," तो शांतपणे म्हणाला, "कुणी घेत नाही." आम्ही दोन्ही घेतले. मग बोहरी आळीतून लांब स्क्रू आणि नट, तुळशीबागेतून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा. बशा उपड्या, एकीखाली एक, मध्ये बोटभर फट ठेवून स्क्रूंवर ओवायच्या आणि मधल्या पोकळीत सेन्सर लटकवायचा. झाली गरिबाची स्टीव्हन्सन पेटी. सगळ्यात खालची बशी फुलाफुलांची आली होती, ती तशीच राहिली.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा स्क्रीनवर आलं ८५. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं बाई, पेटलं का काय?" पुतणी हसत सुटली. ही चिप जागी होते तेव्हा तिच्या पोटात आधीपासून ८५ हाच आकडा भरलेला असतो. नीट मोजायला तिला पाऊण सेकंद लागतो, आणि त्याआधी विचारलंत तर ती बिनदिक्कत ८५ ठोकून देते. वायर निसटली तर स्क्रीनवर उणे १२७ येतं. मला हे आवडलं. दोन्ही आकडे इतके बेफाम आहेत की कुणी त्यांवर विश्वास ठेवणार नाही. भीती वाटते ती अर्धा-एक अंश चुकणाऱ्या आणि शहाण्यासारख्या दिसणाऱ्या आकड्यांची. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या गुऱ्हाळातून बर्फ आणला, फडक्यात गुंडाळून वरवंट्यानं ठेचला, थर्मासमध्ये भरला आणि थोडं पाणी घालून सगळे सेन्सर एकत्र आत बुडवले. बर्फ आणि पाणी एकत्र असतं तोवर ते शून्यावरून हलत नाही, हा निसर्गानं दिलेला फुकटचा दाखला. एक सेन्सर बरोबर शून्यावर येऊन थांबला. एक जरा खाली गेला, एक जरा वर राहिला, आणि एकानं एक अंशाहून जास्त दाखवून आपण कोणत्या जातीचे ते कबूल केलं. प्रत्येकाच्या वायरीला चिकटपट्टी लावून त्याची चूक तिच्यावर लिहिली. बर्फ वितळेपर्यंत सगळं घर थर्मासभोवती जमलं होतं. नंतर उरलेल्या बर्फात कोकम सरबत झालं.

असल्या यंत्रांची चेष्टा करणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की मोठ्या यंत्रांनाही हे चुकलेलं नाही. २०२४च्या मे महिन्यात दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रानं ५२.९ अंश दाखवले आणि देशभर हाहाकार झाला. मग तपासणीत तो सेन्सर तीन अंश जास्त सांगत होता असं निघालं. त्याच आठवड्यात नागपूरच्या एका केंद्रानं ५६ दाखवले. माझ्या मावसभावानं तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, आणि त्यात तक्रारीपेक्षा अभिमानच जास्त होता. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला असणार. यंत्र बदललं की ४४-४५वर परत यावं लागतं, आणि ४५चा फोटो कोण पाठवतो?

सेन्सर टांगायचे कुठे यावर घरात जितका खल झाला तितका ते बनवताना झाला नव्हता. एक मावशींच्या ताडपत्रीच्या बांबूला, एक समोरच्या झाडाखाली, एक इस्त्रीवाल्याच्या पत्र्याच्या टपरीबाहेर, एक आमच्या गॅलरीत. इस्त्रीवाल्यानं आधी विचारलं, "यात कॅमेरा नाही ना?" मग म्हणाला, "आत लावा की, बाहेर कशाला? गरम तर आत आहे." सिक्युरिटीवाल्यानं तीनदा येऊन वही दाखवायला सांगितली. झाडाखालचा सेन्सर कुणीतरी पहिल्याच रात्री काढून नेला. मग समोरच्या भाजीवाल्या बाईंनी दुसरा स्वतःच्या वजनकाट्याच्या खांबाला बांधून घेतला आणि दुपारी जेवायला जाताना त्यावर नजर ठेवायला शेजारच्या चाव्या बनवणाऱ्याला सांगितलं. आठवड्याभरानं आलेख काढले. माझ्या मनात आलेख तयारच होता: इकडची रेघ वर, तिकडची खाली, मध्ये चांगलं चार-पाच अंशांचं अंतर, आणि मी तो मावशींना दाखवतोय. प्रत्यक्षात दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. भर दुपारी इकडे अर्धा अंश जास्त, कधी त्याहून थोडा जास्त. म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या चुकीएवढाच फरक. पुतणी म्हणाली, "काका, टेक्निकली काही फरक नाही."

मेथी मात्र बाराला माना टाकतच होती.

यावर मी बरेच दिवस चिडून होतो, आणि मग वाचत गेल्यावर कळलं की बशांची ती चळत अगदी तिच्या लायकीचंच काम करत होती. ती पेटी असते कशासाठी? हवेचं तापमान मोजताना उन्हानं लुडबुड करू नये यासाठी. सूर्य, तापलेली भिंत, डांबर, पत्रा, या सगळ्यांना बाहेर ठेवून उरते ती फक्त हवा. हवामानशास्त्राला तेच हवं, कारण त्याशिवाय पुण्याची तुलना नागपूरशी आणि यंदाची १९२८शी करता येणार नाही. आणि हवा तर वाहती. बारा मीटर रुंद रस्त्याच्या दोन कडांना ती वेगवेगळी राहणार कशी? एखादं झाड रस्त्याकडेची हवा फारशी थंड करत नाही. ते अंगावर पडणारं ऊन अडवतं आणि खालची फरशी तापू देत नाही. मावशींच्या मेथीला डोक्यावरून सूर्य भाजतो आणि खालून डांबर. थर्मामीटरला त्यातलं काहीच लागत नाही, कारण आपणच त्याला सावलीत बसवलेलं असतं. खारघरला १६ एप्रिल २०२३ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानात तासन्‌तास बसलेल्या माणसांपैकी १४ जण गेले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावरचं कमाल तापमान अडतीसच्या आसपास होतं. अडतीस अंशांत माणसं कशी मरतील, असं तेव्हा आमच्या अकोल्याच्या मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं होतं. समुद्राकाठची दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, आणि अडतीसचा आकडा मात्र सावलीतल्या पेटीचा.

सूर्यासकट मोजायचं असेल तर त्याला जुना उपाय आहे. तांब्याचा पोकळ गोळा काळा रंगवायचा आणि त्याच्या पोटात थर्मामीटर ठेवायचा. १९३०च्या दशकापासून कारखान्यांतली धग मोजायला हा गोळा वापरतात. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेच्या पॅरिस आयलंडच्या तळावर कवायतीत नवशिके सैनिक उष्माघातानं कोसळायला लागले, तेव्हा तिथल्या लोकांनी तीन थर्मामीटरांचं एक मिश्रण ठरवलं: ७० टक्के वजन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्याला, २० टक्के काळ्या गोळ्याला, आणि साध्या, सावलीतल्या थर्मामीटरला उरलेले १० टक्के. पेपरात येतो त्या आकड्याला दहापैकी एक मत. कवायत थांबवायची की नाही हे त्या बेरजेवर ठरायचं. तांब्याचा गोळा आम्हाला परवडणारा नव्हता, पण संशोधक मंडळीसुद्धा आता टेबल टेनिसचा चेंडू काळा रंगवून वापरतात असं पुतणीनं शोधून काढलं. चेंडूला गरम सुईनं भोक, आत सेन्सर, भोकावर एमसील, वरून चकाकी नसलेला काळा स्प्रे. गॅलरीत वाळत घातलेले ते चेंडू पाहून शेजारच्या आजींनी दृष्ट काढायला आणलेत का असं विचारलं.

चेंडूंनी एका दुपारीच हिशोब दिला. मावशींच्या बाजूचा चेंडू पन्नाशीपर्यंत गेला, समोरचा चाळिशीच्या आसपास घुटमळत राहिला. तेच दोन फुटपाथ, तीच हवा, आणि आठ-दहा अंशांचा फरक. मावशींना मोबाईलवर आलेख दाखवला. त्यांनी बोटानं वरची रेघ धरून विचारलं, "ही आपली?" मी हो म्हणालो. "बाराला कुठं हाय ते दाखवा." दाखवलं. "बरोबर," त्या म्हणाल्या. यंत्र पास झालं. मग त्यांनी गोणपाटावर हबका मारला, आणि मला एकदम त्या लाकडी पेटीतली दुसरी उभी नळी आठवली. तिच्या फुग्याभोवती मलमल गुंडाळलेलं असतं आणि मलमलीची वात पाण्याच्या कुपीत सोडलेली असते. पाणी उडून जाताना उष्णता नेतं, ती नळी शेजारणीपेक्षा खाली राहते, आणि दोघींमधल्या फरकावरून हवेतला ओलावा कळतो. मावशींचं गोणपाट गेली कितीतरी वर्षं तेच काम करत आलंय. जूनमध्ये पावसाच्या आधी हवा जड झाली की गोणपाट ओलं करूनही भाजी थंड होत नाही, हे त्यांना पाठ आहे.

थर्मामीटर कुठे ठेवला यावरून शास्त्रज्ञांमध्येही भांडणं झालीत, आणि त्यातलं एक तर आपल्याच शहरातलं. एल. ए. रामदास हे हवामानशास्त्रज्ञ पुण्यात जमिनीलगत थोड्या-थोड्या अंतरावर तापमान मोजत होते. निरभ्र, निवांत रात्री सगळ्यात थंड जागा जमिनीवर असायला हवी, पुस्तकं तसंच सांगत होती. रामदासांना ती जमिनीच्या वीतभर-हातभर वर सापडली. १९३२ साली त्यांनी ते छापलं आणि बाहेरच्या लोकांनी बराच काळ मापण्यातच खोट काढली. अखेर ते मान्य झालं, आणि त्या थराला आज रामदासांचंच नाव आहे. वीतभर अंतरात दुसरी थंडी सापडते, मग फुटपाथ तर फुटपाथ. व्हिएन्नात विल्हेल्म श्मिट नावाच्या माणसानं १९२७ साली मोटारीला थर्मामीटर बांधून रात्रीचं शहर पालथं घातलं होतं. तेव्हापासून सगळ्या शहरांची हीच कहाणी: गाभा रात्री गरम, कडा थंड. पुण्यातही काँक्रीटचा मगरपट्टा आणि झाडीतलं पाषाण यांची पहाटेची तापमानं शेजारी-शेजारी ठेवून बघा. दोन गावांची वाटावीत.

मे सुरू झाला तेव्हा मावशीच म्हणाल्या, "आमच्या खोलीत लावा एक." पर्वतीच्या उतारावरची वस्ती, अर्ध्या विटांच्या भिंती, वर पत्रा. पत्र्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जुने फ्लेक्स अंथरलेले, वरून विटा ठेवलेल्या. चार-पाच माजी-भावी नगरसेवक पुण्याच्या आकाशाकडे बघून हात जोडत होते. आत मुलानं थर्माकोल ठोकलं होतं. एक सेन्सर खुंटीला आणि एक काळा चेंडू पत्र्याखाली हातभर लटकवला. खोलीत मावशींच्या सासूबाई होत्या, भिंतीला टेकून, पुठ्ठ्यानं वारा घेत. मला वाटत होतं रात्रीचा आलेख भयंकर येईल, कारण न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये २०१६ साली पत्रकारांनी लोकांच्या घरांत असेच घरगुती सेन्सर ठेवले होते आणि रात्री बाहेर गार होऊनही विटांची घरं आत तापलेलीच राहत होती, असं वाचलं होतं. इथे उलटच दिसलं. पत्रा पातळ, त्याच्या पोटात काही साठत नाही. सूर्य कलला की तोही उतरतो, आणि पहाटे चारला मावशींची खोली आमच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटपेक्षा थंड होती. आमचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकराला ओकायला लागतो. एसी बंद असेल त्या खोलीत रेघ मध्यरात्रीपर्यंत चढतच असते. एसी लावला की त्याचा बाहेरचा डबा ती सगळी धग खालच्या गल्लीत सोडतो, तो भाग वेगळा. पण पत्र्याच्या खोलीची दुपार! दोन ते चार हवा बाहेरच्यापेक्षा चार अंशांनी वर, आणि चेंडू हवेच्याही वर, कारण पत्रा स्वतःच डोक्यावर तळपणारा दुसरा सूर्य. घरात ऊन नसताना उन्हात बसल्यासारखं. त्या वेळी मावशी फुटपाथवर, मुलगा कामावर. घरात फक्त सासूबाई.

"त्यांना दुपारी खाली देवळात बसवा," मी म्हणालो. मावशी म्हणाल्या, "देऊळ बाराला बंद होतं."

अहमदाबादेत छपरं पांढरी करून देतात हे मला माहीत होतं. मे २०१०च्या लाटेत तिथे एरवीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, मग २०१३ साली त्यांनी उष्णतेचा कृती आराखडा केला, देशातला पहिला. मी आलेख छापून, फोटो लावून एका सरकारी कार्यालयात गेलो. पंख्याखालच्या साहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं, बशांच्या चळतीचा फोटो जवळ धरून पाहिला आणि विचारलं, "हे प्रमाणित आहे का?" मला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण प्रश्न चुकीचा म्हणता येईना. उद्या कुणीही तुळशीबागेतल्या बशा घेऊन येईल आणि आपल्या वॉर्डाचं तापमान साठ आहे म्हणेल. सपाटीवर चाळीस अंश ओलांडल्याशिवाय उष्णतेच्या लाटेची भाषाच सुरू होत नाही, आणि तेही पेटीतले चाळीस. नियम कुठल्यातरी आकड्यावर उभा राहणार, आकडा कुठल्यातरी प्रमाणित यंत्रावर, आणि ते यंत्र नियमानंच पत्र्यापासून, भिंतीपासून, माणसांपासून लांब ठेवलेलं. साहेबांनी चहा मागवला. अर्ज ठेवून घेतला, आवक क्रमांक दिला. छपराला पांढरा रंग शेवटी मावशींच्या मुलानं स्वतःच आणून मारला, फ्लेक्स काढून, दोन हात. दुसऱ्या दिवसापासून चेंडू खाली आला, हे सांगायलाच हवं. शेजारच्या खोलीवाल्यांनी उरलेला डबा नेला.

तो मुलगा सेंट्रिंगच्या कामावर आहे. बाणेरच्या पुढे कुठल्यातरी बाराव्या-तेराव्या मजल्यावर सळया बांधतो. रंग मारून झाल्यावर त्यानं चेंडू हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "काका, हा साइटवर लावता येईल का? मुकादम मोबाईल दाखवतो. म्हणतो, अडतीस आहे, चाळीस झालं की सुट्टी देतो." पुतणीनं लगेच वहीत लिहायला घेतलं: बॅटरी, सिमेंटची धूळ, स्लॅब भरताना पाणी. तिचं म्हणणं, चेंडू हेल्मेटला लावू, म्हणजे माणूस जाईल तिथे मोजेल. मुलगा नको म्हणाला. हेल्मेट दुपारी कोणीच घालत नाही. सळयांच्या ढिगावर लावायचा, अगदी खेटून, म्हणजे मुकादमाला आकडा पटला नाही तर शेजारच्या सळईवर हात ठेवून बघता येईल.